आठ वर्षांचा रोहू

तिलेश्वर डेकांचे व्याही रविवारी जेवायला येणार होते. शनिवारी सकाळपासून सुपारीच्या झाडाचं एक पान हलत नव्हतं, घाम पुसला की लगोलग पुन्हा फुटत होता. डेका मात्र खुशीत तळ्याकाठी बसून पाण्यात कोंडा टाकत होते. मधूनच पाण्यातून एक जाडजूड पाठ वर येई आणि डेकांचा चेहरा असा खुले, की तेवढा तो मुलीच्या लग्नातही खुलला नव्हता.

हा रोहू मासा आठ वर्षांचा होता. फाल्गुनात लेक रुनुमीच्या लग्नात डेकांनी दोन्ही हात पसरून व्याह्यांना त्याची लांबी दाखवली होती. पहिल्यांदा दाखवली तेव्हा हात खांद्यांच्या रुंदीएवढे होते, तिसऱ्यांदा दाखवताना ते मांडवाच्या खांबावर आपटले. व्याही तेजपूरचे, मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "येऊन बघू."

"अहो," पद्मेश्वरी स्वयंपाकघरातून ओरडली, "फोनवर इशारा आलाय. वादळ, जोराचा पाऊस, अचानक पूर. बांधाला जाळं लावा, नाहीतर उद्या व्याह्यांना नुसते हातच दाखवाल!"

"या महिन्यातला चौथा इशारा हा. तीनदा जाळं लावलं, तिन्ही वेळा कडकडीत ऊन पडलं. त्या हालोईसमोर शोभा झाली, ती वेगळीच."

गोलोक हालोईंचं तळं डेकांच्या तळ्याला लागूनच होतं, मध्ये फक्त एक मातीचा बांध. बांबूच्या एका बेटावरून दोघांचं वाजलं होतं. त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. सांगण्यासारखं काही असलं, तर हालोई ते आपल्या गायीला सांगत आणि डेका आपल्या बदकाला.

हालोई तेव्हा स्वतःच्या तळ्याभोवती जाळं बांधत होते. ते गायीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "काही लोकांना इशारा वाचता येत नाही बरं का गं. नुसती फुशारकी मारता येते."

डेकांनी बदक उचलून समोर धरलं. "बघितलंस? भर उन्हात जाळं बांधणारा माणूस कधी बघितला होतास?"

बदक हातातून निसटलं आणि तळ्यात उतरलं.

दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेला भूतानच्या डोंगरांवर आभाळ काळं ठिक्कर पडलं. मग वारा सुटला. पहिल्याच झोताने डेकांच्या गोठ्याचा पत्रा उडवला, दुसऱ्याने हालोईंचं जाळं बांबूंसकट उचलून कुठल्या कुठे नेलं. ते बघून डेकांना पत्र्याचं दुःख निम्मं वाटलं. त्यानंतर पाऊस असा कोसळू लागला, की अंगणातून घर दिसेना.

डेका डोक्यावर बांबूची जापी घालून तळ्याकडे धावले. पाणी काठोकाठ आलं होतं. पण त्यांना जाणवलं, की हालोईंचं पाणी आपल्यापेक्षा वीतभर उंच आहे. म्हणजे मधला बांध जरासा कापला, तर पाणी इकडे येईल. पाण्याबरोबर जे यायचं तेही येईल. आणि उद्या कोणी विचारलंच, तर पावसात बांध फुटतातच की! डेका फावडं घेऊन आले आणि उताराच्या कोपऱ्यात, जिथे बांध अगदी बारीक होता, तिथे खणू लागले.

पाच मिनिटं नेटाने खणलं आणि फावडं कशावर तरी खणकन आदळलं. दगड असेल म्हणून त्यांनी दुसरा घाव घातला. पुन्हा खणकन. तेवढ्यात वीज चमकली. पलीकडे हालोई उभे होते. हातात फावडं.

त्यांनाही डेकांचं पाणी वीतभर उंच दिसलं होतं.

सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघं समोरासमोर बोलले.

"मी बांध दुरुस्त करतोय," डेका म्हणाले.

"मीसुद्धा तेच करतोय," हालोई म्हणाले.

दोघांनी मिळून दुरुस्त केलेला तो बांध तेवढ्यात धडाडत कोसळला. डोंगरातून ओढ्याला आलेला लोंढाही नेमका त्याच वेळी पोचला होता. उताराचा कोपराच गेल्यावर दोन्ही तळी एकदम उलटली आणि त्यांच्याबरोबर दोघे मालकही. फावडी सुटली, जापी गेली. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात गडगडत जाताना डेकांनी हालोईंच्या गळ्याभोवतीचा सुती गामोसा पकडला आणि हालोईंनी डेकांची मान.

"पोहता येतं का तुम्हाला?" डेका ओरडले.

"नाही! तुम्हाला?"

"मला येत असतं तर तुम्हाला धरलं असतं का?"

दोघं एका केळीच्या बेटात अडकले, म्हणून वाचले. ते बेट लावण्यबायदेऊंचं होतं. बायदेऊ म्हणजे विणकाम शाळेतल्या निवृत्त बाई. गावातली सगळ्यात सखल जागा त्यांची. दर पुरात त्यांचं कसं होणार म्हणून सगळा गाव हळहळत असे. बायदेऊंनी हळहळ ऐकून घेतली होती, घर खांबांवर उंच बांधलं होतं आणि अंगणाभोवती बांबूचं दाट कुंपण घातलं होतं. त्यांनी घरातून लांब बांबू पुढे केला.

"विजा पडताहेत, आधी वर या! भांडण वर येऊन करा."

दोघं वर आले तेव्हा थंडीने कुडकुडत होते. बायदेऊंच्या घरात पुरुषांचे कपडे नव्हते. त्यामुळे संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर पद्मेश्वरी नवऱ्याला शोधत तिथे आली, तेव्हा दोन गृहस्थ बायदेऊंच्या मेखला, म्हणजे बायकांची नेसूची वस्त्रं, गुंडाळून शेजारीशेजारी चहा पीत बसले होते. तिने आधी डोळे पुसले, मग तोंडाला पदर लावून ती दहा मिनिटं हसत राहिली.

रविवारी सकाळी पाणी उतरलं. दोन्ही तळ्यांत उरला होता नुसता चिखल. डेका घाईघाईने बायदेऊंकडे गेले, तर हालोई आधीच हजर. अंगणाच्या खोलगट भागात, कुंपणाच्या आत, मासे नुसते उसळत होते. आणि मधोमध ती जाडजूड पाठ.

"बायदेऊ, तो रोहू माझा," डेका म्हणाले. "चेहऱ्यावरून ओळखतो मी त्याला."

"आणि बाकीचे सगळे माझे," हालोई म्हणाले.

"न्या की," बायदेऊ शांतपणे म्हणाल्या. "ज्याचं त्याने न्यावं. पण पाण्याबरोबर आणखीही काही आलंय." त्यांनी ओसरीखालून दोन फावडी काढली. "ज्या कोपऱ्यातून लोंढा आला, तिथे सकाळी जाऊन आले मी. पाऊस बांध असा सरळ रेषेत कापत नाही. माझी बारा बदकं गेली काल. तेव्हा आधी आपापलं फावडं ओळखा, मग मासे ओळखू."

डेकांनी फावड्याकडे पाहिलं. दांड्यावर त्यांनी स्वतः 'ति. डे.' कोरलं होतं.

"माझं फावडं घरीच आहे," डेका म्हणाले.

"माझ्याकडे फावडंच नाही," हालोई म्हणाले.

"मग मासेही तुमचे नसतील," बायदेऊ म्हणाल्या आणि त्यांनी मेखला खोचून मासे धरायची बांबूची जाकोई उचलली.

दुपारी व्याही आले. बायदेऊंनी रुनुमीच्या सासरच्यांसाठी म्हणून भलंमोठं पातेलं भरून माशाचा आंबट रस्सा पाठवला होता. व्याह्यांनी मोजून पाच तुकडे खाल्ले. मग डेकांकडे बघून म्हणाले, "हाच का तो आठ वर्षांचा?"

पद्मेश्वरी वाढता वाढता थांबली. डेकांनी घास गिळला.

"छे! हा बायदेऊंचा आहे."

"वा! मासे वाढवावेत तर त्यांनी," व्याही म्हणाले. सबंध दिवसात ते दोनदाच बोलले, त्यातलं हे दुसरं.

सोमवारी पुन्हा इशारा आला. बांध बुजवायलाच हवा होता आणि चिखल उपसायला दोघांकडेही फावडं नव्हतं. शेवटी डेका आणि हालोई खाली मान घालून बरोबरच बायदेऊंच्या दारात उभे राहिले.

"बायदेऊ, एखादं फावडं मिळेल का? आजच्या दिवसापुरतं?"

बायदेऊंनी दोन फावडी काढली. 'ति. डे.' कोरलेलं हालोईंना दिलं, दुसरं डेकांना.

"जपून वापरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू आहे."

संध्याकाळी दोघांनी ती स्वच्छ धुऊन परत आणून दिली.