तुझं काय बाबा, तू सेट!

मला मुतखडा झाला तेव्हा सगळ्या चाळीला माझी कीव आली. हेवा वाटला तो एकट्या सदाकाकांना.

हॉस्पिटलातून नुकताच घरी आलो होतो. कॉटवर आडवा पडून कण्हत होतो, बायको शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतत होती आणि काका दारात उभे होते, दोन्ही हात कमरेवर. त्यांची नजर आधी शहाळ्यावर गेली, मग उशाशी ठेवलेल्या सफरचंदांवर, मग माझ्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यावर.

"रजा किती रे?"

"पंधरा दिवस, काका."

"भरपगारी?"

"हो."

"आणि ही स्मिता सेवेला." काकांनी असा उसासा सोडला की मला क्षणभर वाटलं, खडा त्यांनाच झालाय. "तुझं काय बाबा. तू सेट!"

कळा मला, उसासे ह्यांचे.

सदाकाका आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. मूळचे कणकवलीकडचे. गिरणी होती तोवर गिरणीत होते, ती बंद पडल्यावर पडेल ते काम केलं आणि आता घरीच असतात. घरी म्हणजे गॅलरीत. गॅलरीतल्या त्यांच्या खुर्चीवरून अख्ख्या मजल्याची सुखं दिसतात आणि काका ती सकाळपासून बघत असतात.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे काकांच्या इंग्रजीकडे माझं जरा जास्तच लक्ष. त्यांच्याकडे शब्द एकच आहे, पण तो ते असा वापरतात की बाकीच्या भाषेची गरजच पडू नये. दही लागलं की 'सेट'. कवळी म्हणजे 'सेट'. टीव्ही तर पहिल्यापासूनच सेट. नळाचं गळणं थांबलं की 'सेट केला'. भजनात पेटीशी गळा जुळला की डोळे मिटून 'सेट, सेट!' सकाळी पोट साफ झालं की सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा समाधानाने 'एकदम सेट!' आमच्या शाळेतल्या जाडजूड शब्दकोशात या एवढ्याशा शब्दाने पानंच्या पानं अडवलेली आहेत. मी ती सगळी वाचली. पण 'तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणून माझा जीव जळतो' हा अर्थ तिथे कुठे सापडला नाही. आमच्या गॅलरीत मात्र तोच मुख्य.

एकदा मास्तरकीची खोड म्हणून त्यांना सांगायला गेलो, "काका, इंग्रजीत सूर्य मावळतो त्यालासुद्धा सेट म्हणतात."

"मग बरोबरच आहे की," काका म्हणाले. "दिवसभर तापला आणि संध्याकाळी सहाला सुटला. त्याचं काय बाबा, तो सेट."

म्हणजे सूर्यसुद्धा सुटला नाही. मग माणसांची काय कथा! कुणाच्या पोराला नोकरी लागली, तो सेट. कुणाच्या पोराची नोकरी गेली, 'घरी बसून आईच्या हातचं खातोय, सेट आहे लेकाचा.' पलीकडच्या खोलीतले बापू झोपेतच गेले. सगळा मजला रडत होता आणि काका तिरडीची सुतळी आवळता आवळता माझ्या कानाशी कुजबुजले, "ना सुया, ना सलाईन. चहा थंड झाला तेव्हा घरच्यांना कळलं. बापू सेट झाला रे."

ह्या माणसाची दृष्ट लागते, असं आमच्या मजल्यावरच्या बायांचं ठाम मत आहे. काकांनी 'सेट' म्हटलं की त्या संध्याकाळी त्या घरात मीठमोहरी ओवाळून गॅसवर पडलीच. मोहरी फोडणीला कमी आणि काकांच्या नावाने जास्त जाते. आम्ही फ्रिज घेतला तेव्हा स्मिताने दुकानदाराला बजावलं होतं, भर दुपारी आणा, काका झोपलेले असतात. वर तो चादरीत गुंडाळायला लावला. नेमके काका जागे! चार माणसं पांढऱ्या चादरीत काहीतरी लांबडं घेऊन येताना बघून ते खुर्चीतून उठले, टोपी काढली, हात जोडले. "कोण गेलं रे?" मग एकदम, "आणि वर कुठे नेताय? खाली न्या की!"

चादर सुटली आणि फ्रिज दिसला. काकांनी टोपी परत डोक्यावर घातली. मेलेलं माणूस चाललं असतं त्यांना, दोन दरवाज्यांचा फ्रिज नाही चालला.

लाडवाचंही तसंच. कुणाकडेही प्रसादाची ताटली हातात आली की काका आधी आपल्या लाडवाकडे बघणार, मग शेजाऱ्याच्या. "तुझा मोठा आहे," म्हणणार. मी कितीदा बदलून दिलाय. बदलून दिल्यावर तोच लाडू त्यांना लहान दिसतो!

पण एक सांगितलं पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. खड्याची कळ आली त्या दिवशी मला खुर्चीत बसवून तीन जिने खाली उतरवलं, तेव्हा खुर्चीचा पुढचा पाय काकांच्या हातात होता. तरण्या पोरांना ते हात लावू देईनात. घामाने निथळले होते. नाक्यावर हात केल्याबरोबर टॅक्सी थांबली, तेव्हा मला आत कोंबता कोंबता म्हणाले, "लगेच टॅक्सी मिळाली बघ. तू सेट!"

आता काकूबद्दल.

सुमनकाकूला गेली काही वर्षं विसरायला होतं. आधी गॅसवरचं दूध विसरायची, मग माणसं विसरायला लागली. जुनं तेवढं लख्ख आठवतं. मी पन्नाशी ओलांडली, अर्धं डोकं उजाड झालं, पण दिसलो की काकूचा चेहरा फुलतो. "विन्या, शाळेतसून इलंस? हातपाय धू आणि बस." आणि मी खरंच शाळेतून आलेला असतो, त्यामुळे खोटंही बोलावं लागत नाही. माझ्या लहानपणी आई कामावर असायची, तेव्हा काकूनेच मला जेवू घातलंय. ते तिच्या हातांना अजून ठाऊक आहे.

सदाकाकांना मात्र ती ओळखत नाही.

म्हणजे चांगली वागते, अगदी पाहुण्यासारखी. "कोणाकडे इलास तुमी?" म्हणून विचारते. पहिल्यांदा काका म्हणाले होते, "अगं, मी तुझा नवरा." तशी काकूने जी किंकाळी फोडली, ती ऐकून सगळा मजला गोळा झाला. परका म्हातारा घरात घुसून नवरा म्हणवतोय, कुठलीही बाई ओरडेलच. तेव्हापासून काका ते बोलत नाहीत. ती ज्या दिवशी जे समजेल ते होतात. कधी मीटर बघायला आलेला माणूस, कधी दूधवाला, कधी गावाहून आलेला कुणी. मीटरवाले होऊन तिला भात भरवतात, दूधवाले होऊन तिची वेणी घालतात. वेणी झाली की काकू विचारते, "पैसे किती झाले?" काका म्हणतात, "पुढच्या महिन्यात द्या."

मी त्यांच्याकडे गेलो आणि काकूने "विन्या!" म्हणून हाक मारली की काका दाराच्या चौकटीला टेकून बघत राहतात.

"तुला ओळखते," एकदा म्हणाले. "भाकरी खाऊन गेलेला पोर तू. मी जन्म काढला हिच्याबरोबर." मग नेहमीचा उसासा. "तुझं काय बाबा. तू सेट."

त्या दिवशी मला राग नाही आला. मी काकूने दिलेला रिकामा पेला तोंडाला लावला आणि चहा प्यायल्यासारखं केलं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या अजिंक्यचं लग्न झालं. हॉल दादरला होता, पण सुनेचा गृहप्रवेश आमच्या चाळीतच. नव्या सुनेने नाव घेतल्याशिवाय आमच्या मजल्यावर कुणी तिला उंबरा ओलांडू देत नाही. मग ती कुठल्याही कंपनीत कितीही मोठी असो. बायांनी दार अडवलं. काकूलाही स्मिताने चांगलं लुगडं नेसवून, गजरा माळून दाराशी खुर्चीत बसवलं होतं. काका गॅलरीत कठड्याला टेकून. सकाळपासून त्यांचं चाललंच होतं. अजिंक्य सेट, सून कमावती म्हणजे मी सेट, कॅटरिंगवाल्याकडे जेवण उरलं म्हणजे तो तर सेटच.

आमची सून रुचा, डोंबिवलीची, हुशार मुलगी. तिने मोबाइल काढला आणि त्यात बघून उखाणा वाचायला लागली. बायांनी गलका केला.

"ए, बघून नाही चालायचं!"

"मला पाठ नाही होत हो!" रुचा हसत हसत म्हणाली. "तुम्ही घेऊन दाखवा आधी."

झालं! एकीने घेतलं, दुसरीने घेतलं, स्मितानेही लाजत माझं नाव घेतलं. मग रुचाने, तिला बिचारीला काय ठाऊक, खुर्चीतल्या काकूपुढे वाकून विचारलं, "आजी, तुम्ही घ्या ना."

स्मिताने रुचाचा हात दाबला. मी काकांकडे बघितलं. ते कठडा सोडून सरळ उभे राहिले होते.

काकूने पदर सारखा केला. मान खाली घातली. आणि अशा आवाजात, जो मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता, न अडखळता म्हणाली:

"भोंगा वाजला गिरणीचा, झाली लालबागला पहाट,
सदाशिवरावांची बघते मी गॅलरीत वाट."

बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. काका दोन पावलं पुढे आले. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. हात पुढे केलेला, ओठ हलतायत.

काकूने वर बघितलं. लाजलेलीच होती अजून. काकांना बघून तिने कपाळाला आठी घातली आणि हाताने त्यांना बाजूला व्हायची खूण केली.

"जरा बाजूक सरा हो. आमचे येतीत इतक्यात. वाट अडवू नकात."

आणि काका सरले. चांगले भिंतीला पाठ लावून उभे राहिले, गॅलरीतून एक माणूस आरामात जाईल एवढी जागा करून.

बायांनी घाईघाईने रुचाला आत घेतलं, माप ओलांडलं गेलं, तांदूळ सांडले, आत हसणं-बोलणं सुरू झालं. मी बाहेर काकांपाशी गेलो. खांद्यावर हात ठेवला.

"हाच घेतला होता तिने," काका म्हणाले. "लग्न करून आणली तेव्हा. ह्या पलीकडच्या आमच्या उंबऱ्यावर. मी रातपाळीला होतो तेव्हा. सकाळी सुटून आलो की खरंच इथे उभी असायची, केस न विंचरता."

"काका, तुमचं नाव आहे तिच्या लक्षात. म्हणजे..."

"माझं कुठलं रे!" काकांनी मान हलवली. गॅलरीच्या त्या टोकाला, जिन्याकडे, बघत होते. तिथे कुणीच नव्हतं. "त्याचं. त्या सदाशिवाचं." चाळीतल्या यच्चयावत माणसांसाठी जो उसासा मी आजवर ऐकला होता, तोच आला. पण ह्या वेळी फार खोलवरून. "पंचवीस वर्षांचा. डोकीवर केस. गिरणी चालू. आणि ही अशी बाई त्याची वाट बघत बसलेली. त्याचं काय बाबा, विन्या. तो सेट."

मी दाराशी पडलेलं एक स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ टेकलो.

आतून लाडवांच्या ताटल्या आल्या. रुचाने एक मला दिली, एक काकूच्या मांडीवर ठेवली. काकूने आपल्या ताटलीकडे बघितलं, मग भिंतीशी उभ्या माणसाकडे. कुणी दारात तिष्ठत उभं राहिलेलं तिला कधीच बघवलं नाही.

"अहो पावणे," ती म्हणाली, "किती वेळ उभे? ह्यो लाडू घेवा. आमचे येईपर्यंत बसा."

"बसतो की," काका म्हणाले.

मी माझं स्टूल त्यांना दिलं. ते काकूच्या शेजारी बसले, तिने हातावर ठेवलेला लाडू खायला लागले. माझ्या ताटलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दोघंही जिन्याकडे तोंड करून वाट बघत बसली.