पाव फेरा कमी

माझ्या हातचा नट आजवर कुणाच्या बापाला सुटलेला नाही! हे मी नाही म्हणत, रेल्वे म्हणते. अडतीस वर्षं मी रायपूरच्या वॅगन कारखान्यात फिटर होतो. मी कसलेली मालगाडी पार विशाखापट्टणमपर्यंत धडधडत जायची, पण नट जागचा हलायचा नाही. कसून झालं की आम्ही नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचो. रेघ अखंड असली तर नट हललेला नाही, तिचे दोन तुकडे सरकले तर हलला. माझ्या रेघा अखंड असायच्या. साहेब लोक चष्मे लावून बघायचे आणि निमूट पुढे जायचे.

तर असा मी, शालिग्राम काळमेघ, निवृत्त. रायपुरातच, गुढियारीत स्वतःचं घर आहे. खाली मी, वरच्या खोलीत भाडेकरू. बायको वनमाला पुण्याला मुलाकडे गेली आहे, नातू सांभाळायला. एका महिन्यासाठी गेली होती, त्याला आता चौदा महिने झाले! रोज दुपारी एक वाजता, नातू झोपला की, ती व्हिडिओ कॉल करते. पाच मिनिटं. उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं मी काय करतो, ते विचारू नका. मागच्या महिन्यात मी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. पूर्वी वाऱ्याने दार करकरलं की निदान कुणी आल्यासारखं वाटायचं. तेही मी स्वतःच्या हाताने बंद केलं.

वरच्या खोलीत देवयानी राहते. अमरावतीची पोरगी, नव्या रायपूरला सरकारी ऑफिसात नोकरी. सकाळी आठची बस, संध्याकाळी सातला परत. गावात तिचंही कुणी नाही. शौक एकच, छऱ्याची एअर रायफल! दर रविवारी सकाळी क्लबच्या रेंजवर सराव, आणि नऊच्या ठोक्याला रायफल घेऊन माझ्या दारात.

"काका, स्कोप पुन्हा हलून राहिला."

स्कोप म्हणजे रायफलीवरची दुर्बीण. ती दोन कड्यांत बसवायची आणि कड्या चार बारक्या स्क्रूंनी आवळायच्या. स्प्रिंगची रायफल दर छऱ्याला पुढेमागे दचकते, त्याने स्क्रू ढिले होतात, असं तिच्या कोचने सांगितलं होतं. मी मान डोलवायचो, स्क्रू कसायचो आणि मग चीले टाकायचो. चीला म्हणजे आपलं तांदळाच्या पिठाचं धिरडं, सोबत टमाट्याची चटणी. खाता खाता ती ऑफिसातल्या गमती सांगायची. चांगला तास-दीड तास! माझा सगळा आठवडा त्या दीड तासाला टांगलेला असायचा.

आता तुमच्यातला एखादा हुशार वाचक विचारेल, शालिग्रामभाऊ, तुमचा नट तर सुटत नाही, मग हे स्क्रू दर रविवारी कसे सुटत होते?

सांगतो. मी पाव फेरा कमी कसत होतो.

हसू नका! पूर्ण कसले असते तर ती पुढच्या रविवारी कशाला आली असती?

मग आला क्लबच्या स्पर्धेचा रविवार. नऊ वाजले, दहा वाजले, पिठावर साय धरली, देवयानीचा पत्ता नाही. बाहेर येऊन बघतो तर पोरगी जिन्याच्या पायरीवर बसून रडते आहे.

"काय झालं गं?"

"शेवटून दुसरी आली मी. पयले दहा छर्रे बराबर गेले, मंग सारे डावीकडे. माहा हातच खराब आहे, काका. विकूनच टाकते ही रायफल. आईबी म्हणते, काहून एकटी राहतं तिथं? बदली घे अन् ये घरी."

मी रायफल हातात घेतली. दुर्बीण कडीत म्हाताऱ्याच्या दातासारखी हलत होती. माझा पाव फेरा पोरीच्या नेमाला नडला होता, आणि ती दोष देत होती स्वतःच्या हाताला! मला लाज वाटली. तिथल्या तिथे खरं सांगून टाकायला हवं होतं. मी काय सांगितलं?

"पुढच्या रविवारी अजून एक स्पर्धा आहे ना? ठेव रायफल माह्यापाशी. असा कसतो का जन्मात हलणार नाही!"

सोमवारी सकाळीच सुशील भैयाचं हार्डवेअरचं दुकान गाठलं.

"भैया, आट्यांत टाकायचं ते औषध द्या, थ्रेडलॉकर. स्क्रू हलला नाही पाहिजे."

"हव काका. नीला दूँ कि लाल? नीला हाथ से खुल जाता है. लाल लगाया तो गरम किए बिना नहीं खुलेगा. छोटे स्क्रू में नीला ही डालो."

"लाल द्या!"

रेल्वेतल्या माणसाने लाल बघून थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

घरी येऊन दुर्बीण उतरवली, स्क्रू पेट्रोलने धुतले, आणि तेवढ्यात एक वाजला. वनमालाचा कॉल!

"जेवले का?"

"जेवलो. हे पाय, पोरीची रायफल दुरुस्त करून राहिलो."

"बरं बरं. उठला वाटते हा. ठेवते मी."

दोन मिनिटं! मी काळ्या पडद्याकडे बघत बसलो. मग हातांनी आपलं आपण काम उरकलं. स्क्रूच्या आट्यांत लाल औषध, कड्यांत दुर्बीण, आणि स्क्रू पूर्ण कसून वर प्रायश्चित्त म्हणून पाव फेरा जास्त! दोन तासांनी बोट लावून बघतो तर बाहेर आलेलं औषध ओलंच. म्हटलं, नकली माल दिला! म्हणून आणखी ओतलं. हे औषध जिथे हवा लागत नाही तिथेच सुकतं, म्हणजे बाहेर ओलं असलं तरी आत त्याचा दगड झालेला असतो, हे मला मागाहून कळलं.

मंगळवारी संध्याकाळी देवयानीने दुर्बिणीला डोळा लावला. डोळा काढून चोळला, पुन्हा लावला.

"काका... टार्गेट तर चाललं गेलं!"

"कुठं?"

"नव्या रायपूरले!"

मी बघितलं. समोरच्या सत्यभामाबाईंचं दार, जे माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे, ते दुसऱ्या जिल्ह्यात असल्यासारखं दिसत होतं. एवढंसं, लांब, आणि बंद. दुर्बीण मी उलटी बसवली होती!

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

षटकोनी चावी स्क्रूत घातली. हलेना. चावीला पाइप लावला, कारखान्यात लावायचो तसा. स्क्रू तिथेच, चावी मात्र जिलेबी झाली!

"राहू द्या काका," देवयानी हळूच म्हणाली. "तशीबी मी विकणारच होते."

मला रात्रभर ते 'तशीबी' ऐकू येत होतं.

बुधवारी दुपारी मी अखेरचा उपाय काढला. लाल औषध तापवल्यावर सुटतं. कारखान्यात गॅसची बत्ती होती, घरात काय होतं? वनमालाची इस्त्री! बटण 'सुती'वर ठेवलं, रायफल मांडीवर घेतली, इस्त्रीचं टोक स्क्रूवर दाबलं आणि दुसरी चावी घालून जोर लावला. तेवढ्यात एक वाजला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, कोपराने कसाबसा उचलला.

"अहो, हे काय करून राहिले?"

"इस्त्री."

"बंदुकीले?"

मी उत्तर देणार, तोच चावी मोडली. ठाण्ण! माझा हात डब्याला लागला, डबा पडला, फोन पालथा झाला. म्हणजे पुण्यात वनमालाने काय बघितलं? नवऱ्याच्या मांडीवर बंदूक, मग मोठा आवाज, मग अंधार!

फोनमधून ती ओरडत होती, पण एका हातात तापलेली इस्त्री आणि दुसऱ्यात रायफल, फोन उचलणार कशाने? आवाज बंद झाला. आणि पाचव्या मिनिटाला दार उघडून सत्यभामाबाई आत! मागे त्यांचं बुधवारचं अख्खं भजनी मंडळ, हातातले टाळ तसेच.

"भाऊजी! ठेवा ते खाली! वनमालावहिनीचा फोन आला होता. एवढं एकटं वाटत होतं तं आमच्याकडं यायचं होतं ना!"

"अहो, मी स्क्रू..."

"रडू नका, भाऊजी!"

"रडत नाही हो, औषधाचा धूर जाऊन राहिला डोळ्यांत!"

धूर होता, हे खरं. पण 'एकटं वाटत होतं' हे चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने बोललं होतं. थोडं रडूही आलं, ते धुरात खपून गेलं.

मी सगळा प्रकार सांगितला. सत्यभामाबाईंनी पदर खोचला. "सरका तिकडं. इस्त्री कोणाले शिकवून राहिले?" त्यांनी इस्त्री अशी काही दाबली की स्क्रूने दोन मिनिटांत शरणागती पत्करली. हाताशी होती ती शेवटची चावी फिरली, कट्ट! बायकांनी टाळ वाजवले. चारही स्क्रू असे गजरात निघाले!

मग चहा. माझे रोजचे कप दोनच. बाकीचे पाच कपाटातून काढले, वनमालाने जाताना वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. तेवढ्यात तिचा पुन्हा फोन. आधी रागावली, मग रडली.

"येऊ का मी?"

"नको गं. लेकरू लहान आहे. स्क्रू होता, निघाला."

चार वाजता मंडळ गेलं. सात कप धुवायला मला जरा जास्तच वेळ लागला, म्हणजे मी लावला. नंतर घर पहिल्यापेक्षा रिकामं वाटलं.

संध्याकाळपर्यंत दुर्बीण सरळ बसवली. निळं औषध, स्क्रूमागे एकच थेंब. ना पाव फेरा कमी, ना जास्त. वर पिवळ्या रेघा ओढल्या. देवयानी आली तेव्हा रायफल तिच्या हातात दिली आणि डोळे मिटून बोलून टाकलं.

"तुहा हात खराब नाही, पोरी. मी दर रविवारी पाव फेरा कमी कसत होतो."

"काहून?"

"दोघांचे चीले करायची सवय लागली होती."

तिने माझ्याकडे बघितलं. रायफल उचलली आणि वर निघून गेली. पायऱ्या सोळा आहेत, मी मोजल्या. मग वरचं दार लागलं.

स्पर्धेच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी दोन्ही वेळा पीठ दोघांचं भिजवलं, दोघांचं खाल्लं आणि दुपारभर पोट धरून बसलो. स्क्रू आता हलणार नव्हता आणि ती येणार नव्हती. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं!

तिसऱ्या रविवारी तवा तापत ठेवून मागे वळलो, तर स्वयंपाकघराच्या दारात देवयानी उभी. बिजागऱ्यांना तेल, त्यामुळे दार वाजलंच नव्हतं.

"काका, स्कोप हलून राहिला."

"अन् स्पर्धा?"

"चौथी आली. मेडल तिघांलेच देतात," ती म्हणाली आणि हसली. "पण रायफल नाही विकत आता."

मी चष्मा लावला. रायफल खिडकीच्या उजेडात धरली आणि चारही स्क्रू बघितले. पिवळ्या रेघा चारच्या चार अखंड. केसभरसुद्धा सरकलेल्या नव्हत्या! मी देवयानीकडे बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचत होती. ते मागच्या महिन्याचं होतं.

"हो गं," मी म्हणालो. "बराच ढिला झाला."

अडतीस वर्षांच्या नोकरीत खोटा रिपोर्ट मी कधी दिला नव्हता. हा पहिला! आणि तो देण्याच्या नादात तव्याला तेल लावायचंच राहिलं, पीठ तसंच ओतलं. चीला तव्याला जो बसला, तो उलथन्याने सुटेना, सुरीने सुटेना!

देवयानीने वाकून तव्यात बघितलं.

"काका, इस्त्री आणू का?"