ग्रेसीचा नवस, फ्रान्सिसचा गुडघा

वसईतल्या वटार गावच्या फ्रान्सिसचा उजवा गुडघा पूर्ण बरा झाला. हे वाक्य वाचकांनी इथेच विसरावं. फ्रान्सिसने तेच केलं.

गुडघा बिघडला तो शिडीमुळे. फ्रान्सिसची सोनचाफ्याची वाडी. चाफा शिडीशिवाय हाताला लागत नाही, आणि शिडी गुडघ्याशिवाय चढता येत नाही. फुलं वेळेवर उतरली नाहीत तर झाडाखाली सडतात, आणि मेव्हणा रेमंड येऊन प्रेमाने सांगतो, "झाडं काढून टाक, शनिवार-रविवारच्या पाहुन्यांना खोल्या बांधू." म्हणून फ्रान्सिस विरारला डॉक्टर संपदांकडे गेला.

"गुडघ्याची वाटी नडगीला एका जाड दोराने बांधलेली असते. तो दोर शिडीने दुखावलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि सांध्याचं आतलं अस्तर सुजलंय, म्हणून पाणी भरतंय."

"मग झोपून राहू?"

"अजिबात नाही. झोपून तो आणखी कच्चा होतो. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, भार हळूहळू वाढवायचा. महिने लागतील. आणि गुडघे जमिनीला टेकायचे नाहीत. चर्चमध्येसुद्धा."

फ्रान्सिस रोज भिंतीला टेकून, नसलेल्या खुर्चीवर बसू लागला. त्याच्या बायकोला, ग्रेसीला, हा उपचार अपुरा वाटला. ती देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, जाऊन नवस बोलून आली.

"काय बोललीस?"

"गुडघा बरा झाला तर माझा नवरा देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जाईल."

"नवस तू बोललीस. तू जा!"

"गुडघा कोनाचा?"

फ्रान्सिस फादर ऑस्टिनकडे गेला. फादर हसून म्हणाले, "देव वसुलीला येत नाही. एक रोझरी म्हणा आणि विषय संपवा."

ग्रेसीने ऐकून घेतलं. "फादर नवीन हायत," ती म्हणाली.

आणि मग पहिल्या वाक्यात सांगितलं तेच झालं: गुडघा बरा झाला. पण नवस फेडावा लागेल म्हणून फ्रान्सिस घाबरून लंगडतच राहिला.

ग्रेसी विचारात पडली. "देवाला अंतर कमी वाटलं असंल," ती म्हणाली, आणि नवस रस्त्यावरच्या क्रुसापर्यंत मागे नेला. तरी फ्रान्सिस लंगडतोच, म्हणून मग नाक्यापर्यंत नेला. आता बरं झालो म्हणावं तर नाक्यापासून गुडघ्यांवर जायचं. नाही म्हणावं तर नवस राजोडीच्या समुद्राला लागायचा.

तो खाली लंगडायचा आणि शिडीवर सरसर चढायचा. शेजारच्या हिल्डाने कुंपणावरून हे पाहिलं.

"अरे फ्रान्सिस, खाली लंगडतोस, नि वर माकडासारखा?"

"वर गेलो की दुखत नाय."

"मग वरच ऱ्हा ना बाबा. जेवन पाठवते."

लंगडून लंगडून सगळा भार डाव्या पायावर आला. एका सकाळी डावा गुडघा नारळाएवढा झाला. ग्रेसी स्वतः त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"उजवा ठणठणीत आहे. केव्हाच बरा झालाय," डॉक्टर म्हणाल्या. फ्रान्सिसने डोळे मिटले. "आता डाव्याचं अस्तर सुजलंय. तुम्ही लंगडत होतात का?"

"हो."

"का?"

"बरा झालो म्हनून."

दोघं रिक्षाने घरी आले. वाडीत फुलं गळून पडली होती. रेमंड टेप घेऊन दोन झाडांमधलं अंतर मोजत होता. ग्रेसी म्हणाली, "उजव्याचं नाक्यापासून ठरलंय. डाव्यासाठी उद्या देवळात जाऊन येते."

त्याच दिवशी चर्चच्या कार्यालयात पुढील अर्ज दाखल झाला:

"महोदय, उजव्या गुडघ्याचा नवस रिक्षाने पूर्ण करण्यास परवानगी मिळावी. तसेच डावा गुडघा नैसर्गिकरीत्या बरा होईपर्यंत अर्जदाराच्या पत्नीस चर्चच्या आवारात प्रार्थना करण्यास तात्पुरती मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती."