थानेदार आणि आत-बाहेर होणारा दिवा

अख्ख्या शिरूर कासार तालुक्यात पिकअपच्या हौद्यात दिवा बसवण्यातली जाणकार बाई कोण, असं कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांगा! मोहिनी. शिक्षण बारावी, लेकरू एक, मेंढरं बावीस. आरोही आत्ताच झोपलीय, ती उठायच्या आत सगळं सांगून टाकते.

यंदा आमच्या दारात एक जुनी पिकअप आली. आमच्या ह्यांनी ती घेतली त्याला कारण एकच. गेल्या साली हे ऊसतोडीला गेले तेव्हा आरोही दोन महिन्यांची होती. सहा महिन्यांनी परत आले तर पोरीनं बापाला बघून असं भोकाड पसरलं, जणू दारात दरोडेखोर उभा आहे! ह्यांनी पिशवीतून खुळखुळा काढला, तिच्यापासून हातभर लांब ठेवला आणि बाहेर बाभळीखाली जाऊन बसले. त्याच दिवशी मी मनाशी म्हटलं, आता ह्या माणसाला पुन्हा उसाच्या फडात जाऊ द्यायचं नाही.

पण गाडीला काम नको का? काम होतं दिंद्रुडच्या छबुबाईंकडं. छबुबाई म्हणजे मेंढरांच्या व्यापारातली मोठी असामी. नाकात नथ, पायात पुरुषी चपला आणि आवाज असा की समोरून येणारा रेडा आपण होऊन बांधावर चढतो! त्यांना वर्षभर मेंढरं न्यायला-आणायला गाडी हवी होती.

"माझ्यासमोर बावीसच्या बावीस चढवून दाखवा," त्यांनी फोनवर सांगितलं. "चढली तर सालभराचं काम तुमचं. न्हाई तर मी सिदूची गाडी लावते, आन तुमी खुशाल जावा ऊस तोडायला."

आता अडचण ऐका. मेंढरं दिवसभर रानात, घरी येणार दिवेलागणीला. तोवर ताडपत्रीखालचा हौदा विहिरीसारखा काळाकुट्ट. आणि मेंढराला अंधार म्हणजे लांडगाच! आमचा एडका थानेदार तर अंधार दिसला की चारी पाय जमिनीत रोवतो. तो चढला तरच बाकीची एकवीस चढतात. तो अडला की एकवीसही अडतात. आमदारामागं कार्यकर्ते असतात, अगदी तसं.

ह्यांनी हौद्यात दिव्यांची पट्टी चिकटवली. थानेदारनं ती खाल्ली. दुसरी चिकटवली. तीही खाल्ली, आणि ह्या खेपेला त्याच्या तोंडावर "पहिली बरी होती" असा भाव होता.

तेव्हा माझं डोकं चाललं! दिवा हवा, पण थानेदारला तो कायमचा दिसायला नको. लागेल तेव्हा बाहेर आला पाहिजे आणि काम झालं की आत गेला पाहिजे. मी आरोहीला कडेवर घेतलं आणि शिरूरला मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या प्रविणकडं गेले.

"वहिनी, दिवा आत जातो मंजी? कासव हाय का त्यो?"

"सीटबेल्ट कसा आत जातो भाऊजी? तसा!"

प्रविण मग उठला आणि भंगारातून सीटबेल्टची डबी काढून आणली. पट्ट्यावर दिव्यांची माळ मीच शिवली, गोधडीच्या दोऱ्यानं. डबी केबिनच्या मागं वरच्या पाइपाला बसवली. पट्टा ओढायचा, हौद्यावरून मागं आणायचा, फाळक्याजवळच्या कडीत त्याचा हुक अडकवायचा. हुक लोखंडाला टेकला की लख्ख! हुक सुटला की सर्रर्र करून पट्टा डबीत गडप आणि दिवा बंद. भर दुपारी बारा वाजता मी बारा वेळा लावून पाहिला. बाराही वेळा लागला!

"पोरीचं डोकं लई तेज हाय," मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे, धुळाजी. सहा महिन्यांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मी दुपारभर तरंगतच होते.

मंगळवारी संध्याकाळी छबुबाई आल्या. मेंढरंही आली. फळी लावली. मामांनी थानेदारची शिंगं धरली, आत्यांनी म्हणजे सासूबाईंनी दावं धरलं, हे मागून रेटायला. मी फाळक्याशी. कडेवर आरोही, मोकळ्या हातात पट्ट्याचा हुक.

"लाव पोरी!" मामा म्हणाले.

मी हुक अडकवला. हौदा असा उजळला, जणू आत लग्न आहे! थानेदारनं मान वर केली, कान टवकारले आणि पुढचा पाय फळीवर ठेवला.

आणि आत्यांनी दावं सोडून हात जोडले.

मामांनी शिंगं सोडून हात जोडले.

ह्यांनी रेटायचं सोडून हात जोडले.

दिवेलागणीची वेळ, समोर दिवा लागलेला! आमच्याकडं तिन्हीसांजेला दिवा लागला की जो जिथं असेल तिथं हात जोडतो. त्यात विचार करायचा नसतो. शिंक यावी तसे हात जुळतात. भर दुपारी चाचणी घेताना हे कुणाच्या ध्यानात येणार?

थानेदारनं एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. कुणीच धरलेलं नाही! त्यानं जी उडी मारली, ती हुकावर. पट्टा सर्रर्र, दिवा गुल, थानेदार शेजारच्या ज्वारीत. मागोमाग एकवीसजण.

"हे काय?" छबुबाई म्हणाल्या.

"दिवा लागला न्हव," आत्या शांतपणे म्हणाल्या.

अर्ध्या तासानं मेंढरं पुन्हा गोळा. मी सगळ्यांना बजावलं, "ह्या वेळी कुणीही हात जोडायचे नाहीत! एकदा जोडलेत, पुरे झाले."

"इझून पुन्ना लागला तर पुन्ना जोडावं लागतंय," आत्या म्हणाल्या. "लेकराच्या घरात दिव्याचा अपमान करू काय मी?"

"आई, दावं सुटतंय तुझ्या हातनं!" हे कळवळून म्हणाले.

"दावं सुटंल, पर धर्म न्हाई सुटनार!"

शेवटी तोडगा निघाला. हात सोडायचे नाहीत, नुसती मान लववायची. दिव्यालाही चालेल, मेंढरालाही चालेल.

मी हुक अडकवला. लख्ख! सगळ्यांनी एकदम माना लववल्या. मामांनी जरा जास्तच भक्तिभावानं लववली. त्यांचा गुलाबी पटका सुटला आणि थेट थानेदारच्या शिंगांवर जाऊन बसला. थानेदारच्या डोक्यावर आजवर असा मान कुणी ठेवला नव्हता. तो बिथरला, उसळला, हुक सुटला आणि सुटता सुटता पटक्यात अडकला. पट्टा निघाला सर्रर्र, त्याच्यामागं मामांचा पटका सर्रर्र! हातभर गेला, दोन हात गेला, डबी गिळतच होती!

"माझा पटका!" मामा दुसरं टोक धरून ओरडले. "धरा बे! माझ्या बाचा पटका हाय त्यो!"

मामांनी हिसका दिला. आणि सीटबेल्टचा गुण असा, की हिसका दिला की तो जागच्या जागी अडकतो! पट्टा ना आत जाईना, ना बाहेर येईना. तोवर थानेदार पुन्हा ज्वारीत.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघत नव्हते. हे आरोहीकडं बघत होते, आणि ती त्यांच्याकडं बघून हसत होती. 

छबुबाईंनी पदर खोचला. "बस झाला तमाशा. एक एडका धरता येत न्हाई चार मानसांना! चाळीस वर्सं झाली मला मेंढरं धरून. आना हिकडं त्याला. म्या धरते, तुमी नुसतं बघा. आन मग म्या निघाले सिदूकडं."

हे ज्वारीतून थानेदारला ओढत घेऊन आले. छबुबाईंनी त्याची शिंगं अशी पकडली, की तो जागीच गप्प! शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मास्तर होतात तसा. एक पाय फळीवर, दुसरा पाय फळीवर. अंधारातसुद्धा चढत होता!

तेवढ्यात मामांनी पटक्याला शेवटचा, हळूच झटका दिला. डबीत काहीतरी खट् झालं, हुकाचं टोक पाइपाला चिकटलं आणि दिवा लागला. तोही कसा? गुलाबी पटक्यातून! देव्हाऱ्यात समई तेवावी तसा मंद, गुलाबी, गोड उजेड हौदाभर पसरला. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

छबुबाईंनी हात जोडले.

थानेदार गेला.

 छबुबाई डोळे मिटून तशाच उभ्या. मग एक डोळा उघडून त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"छबुबाई," मामा बोडक्या डोक्यानं, फार हळू आवाजात म्हणाले, "तुमी बी?"

"मग! दिवा लागला न्हव!" त्या खेकसल्या. पण आवाजात आता रेडा हटवणारा जोर नव्हता. आत्यांनी त्यांच्यासमोर चहाचा कप धरला. त्यांनी तो मुकाट्यानं घेतला. अर्धा कप झाल्यावर म्हणाल्या, "मला एक सांगा. हे सांजच्यालाच कावून भरायचं?"

"मेंढरं सांजच्याला घरी येत्यात ना," मामा म्हणाले.

"आन सकाळी कुटं असत्यात?"

"सकाळी... हितंच. दारात."

"मग उजेडी भरा की! दिवा लागतो कशाला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आरोहीचं नाक पुसायला घेतलं. ते वाहत नव्हतं.

छबुबाई मुक्कामाला राहिल्या. सकाळी फळी लावली. मामांनी शिंगं धरली, आत्यांनी दावं, हे मागून. छबुबाईही आपण होऊन हात लावायला पुढं. थानेदारनं पहिला पाय फळीवर ठेवला, आणि डोंगरामागून सूर्यनारायण वर आले.

चौघांनीही हात जोडले.

ज्वारीतून परत आणल्यावर छबुबाई कडाडल्या, "समद्यांनी मावळतीकडं तोंड करा! गाडी बी फिरवा! मागं वळून बघंल त्याला बघून घेते!"

दहा मिनिटांत बावीसच्या बावीस आत!

काम आम्हालाच मिळालं. दुसऱ्या कुणाला दिलं तर त्यांनीही हात जोडल्याची गोष्ट आम्ही दिंद्रुडभर करू, अशी धास्ती छबुबाईंना असावी. आता आठवड्यातून तीनदा आम्ही सगळे उगवतीला पाठ करून मेंढरं भरतो. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. आरोही मात्र बापाच्या खांद्यावर, तोंड मागं. तिला सूर्य दिसतो आणि ती आम्हा सगळ्यांच्या वाटणीचे हात जोडते. एवढेएवढेसे! बघून जीव विरघळतो.

काल सूर्य उगवायच्या जरा आधी मामांना तिचं फार कौतुक वाटलं. एका कोकराचं दावं त्यांनी तिच्या चिमुकल्या मुठीत दिलं. "धर गं माय, धनगराची लेक हायस तू!" ते म्हणाले.

कोकरू सध्या डोंगराच्या पल्याड आहे. तिचे बाबा आता घरीच असतात ना, तेच गेलेत आणायला.