नामगुंग गुरुजींची बांग

कोरियातल्या गोंगजू शहराच्या एका गल्लीत नामगुंग गुरुजींच्या फाटकासमोर रोज कोणीतरी कचऱ्याच्या पिशव्या टाकून जायचं. निवृत्त झाले तरी गुरुजींचं शिकवणं काही सुटलं नव्हतं. त्यांनी भलामोठा कागद घेतला, कुंचल्यानं साध्या कोरियन अक्षरांत ठसठशीत मथळा काढला, ‘बांग’. खाली चिनी अक्षरांत कचऱ्याबद्दल चार कडक ओळी लिहिल्या आणि कागद भिंतीवर डकवला.

“अगंबाई! खोली भाड्यानं देताय?” गुरुजींच्या पत्नी ओक-बुनबाई हरखल्या. वरची खोली भाड्यानं द्या म्हणून त्या कधीच्या मागे लागल्या होत्या. पण तिथं गुरुजींची पुस्तकं होती आणि खोलीत गुरुजींचा जीव होता.

“खोली कसली? पूर्वी राजाचं फर्मान, परीक्षेचा निकाल चौकात लावायचे, त्याला बांग म्हणायचे. बांग म्हणजे जाहीर सूचना!”

“अहो, आता बांग म्हणजे खोली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात कॉलेजं उघडलीत, पोरं खोल्या शोधत फिरतायत.”

“लोक काय अडाणी आहेत? कळेल बरोबर!”

दुपारपर्यंत दारात पोरांची रांग लागली. चिनी अक्षरं एकालाही वाचता येत नव्हती. गुरुजींनी प्रत्येकाला राजापासून सुरुवात करून सगळं समजावलं. पोरं मान डोलवायची आणि विचारायची, “आजोबा, हीटर आहे ना?”

कागद काढायचा म्हणजे हार मानायची. गुरुजींनी खाली कोरियन अक्षरांत ठळक ओळ वाढवली, ‘ही ती बांग नव्हे.’

“म्हणजे यांच्याकडे दुसरी पण आहे!” पोरांनी फोन करून मित्रांना बोलावलं.

संध्याकाळी हान-बियोल नावाची मुलगी आली. ओक-बुनबाईंनी तिला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं आणि गुरुजींपुढं उभं केलं.

“गुरुजी,” राजापासूनचं सगळं ऐकून ती म्हणाली, “तेव्हा सगळ्यांना कुठं वाचता यायचं? मग ती बांग वाचून कोण दाखवायचं?”

गुरुजींचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलंच नव्हतं! ते तिला वर घेऊन गेले. जेवणाची वेळ टळून गेली, तेव्हा कुठं दोघं खाली आली.

“खोली हिलाच द्यायची,” गुरुजींनी जाहीर केलं. “पुस्तकं तिथंच राहतील, हिला हवीच आहेत.”

ओक-बुनबाईंनी मुलीला स्वयंपाकघरात नेऊन पाठीवर थाप मारली. “शाब्बास! मी शिकवलेला प्रश्न कसा बरोब्बर लागू पडला!”

“तो मी विसरलेच, काकू,” मुलगी लाजत म्हणाली. “हा माझाच होता. आणखी पुष्कळ आहेत. रोज जेवताना विचारीन म्हणते.”

ओक-बुनबाई मटकन खाली बसल्या. एकाला जन्मभर ऐकलं होतं, आता घरात दोन झाले.