सारजाचं गंगावन

दादासोनं बायकोला बारामतीच्या ब्युटी पार्लरमध्ये नेलं, ते निव्वळ प्रेमापोटी. इंदापूरच्या कचेरीतल्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं आणि साहेबांकडच्या बायका केस कुरळे करून येणार, असं त्याच्या कानावर आलं होतं. "आपुन का मागं ऱ्हायचं?" तो म्हणाला. सारजा नको म्हणत होती. त्यानं ऐकलं नाही. (कचेरीत कारकून दादासोचं कुणी ऐकत नसे, तेव्हा घरी तरी आपलं चालावं एवढीच त्याची इच्छा.)

पार्लरवालीनं औषध लावलं, तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती आत गेली आणि बोलतच बसली. ती येईपर्यंत सारजाच्या कमरेखाली रुळणाऱ्या केसांचा पार कडबा झाला होता. मानेखालचे सगळे कापावे लागले. उरले ते फणी लावली की तुटत. परतताना एसटीत सारजा खिडकीकडं तोंड करून बसली आणि दादासो तिकिटाच्या घड्या घालत राहिला.

आता केसच ते, येतील परत, असं कुणीही म्हणेल. पण या वेणीची गोष्ट वेगळी होती. सारजाची आई ती लहान असतानाच गेली. वडील आबाजी सुप्याकडचे मेंढपाळ. दिवसभर मेंढरांमागं, पण रोज सकाळी पोरीला पुढ्यात बसवून तिची वेणी तेच घालायचे. लोकरीची दोरी वळणारे हात ते, वेणी संध्याकाळपर्यंत हलायची नाही. पुढं मेंढरं विकली, शेती धरली, पोरीचं लग्न झालं. तरी ती माहेरी गेली की चहाच्या आधी आबाजी म्हणायचे, "बस हितं," आणि वेणी सोडून नव्यानं घालायचे. बापलेकीत बोलणं असं फारसं व्हायचंच नाही. जी काय माया होती ती त्या वेणीत.

म्हणून सारजा वर्षभर सुप्याला फिरकली नाही. आबाजींचा निरोप आला की कधी घरी पाहुणे असायचे, कधी सासूचे गुडघे दुखायचे. (सासू कुशाबाईचे गुडघे ठणठणीत होते. आपण आजारी आहोत हे तिला शेजारणीकडून कळलं.)

दादासोचा जीव खाली-वर व्हायचा. चूक आपली, तर दुरुस्तीही आपणच करायची, म्हणून त्यानं सारजाचं डोकं ताब्यात घेतलं. माका, जास्वंद, कोरफड, दही, भिजवलेली मेथी. कचेरीत ज्यानं जे सांगितलं ते रविवारी सारजाच्या डोक्यावर थापलं जायचं.

"आरं, डोकं हाय का कोशिंबीर?" कुशाबाई विचारायची.

केस खांद्यापर्यंत आले खरे, पण शेंडे दुभंगलेलेच.

सारजानं मात्र वेगळीच वाट काढली होती. गळलेले केस गुंडाळून पिशवीत टाकायची तिची जुनी सवय. त्या केसांचं गंगावन करून घ्यायचं, ते जोडून वेणी घालायची आणि यंदा जत्रेला सुप्याला जायचं. आपलेच केस, आबांच्या हाताला परके लागायचे नाहीत. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी सारजा दळण आणायला गेली होती. गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई आली. दादासोला खुंटीवरची पिशवी दिसली. हे गळके केस रोज बघून बिचारीला किती वाईट वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं. सारजा आली तेव्हा तो नवी कढई घेऊन दारातच उभा होता.

सारजानं कढईकडं पाहिलं, मग खुंटीकडं.

"पिशवी?"

"दिली की. स्टीलची हाय बघ."

ती दळणाचा डबा तसाच टेकवून खाली बसली. "आवं, त्याचं गंगावन करायचं हुतं मला. त्याबिगर आबाम्होरं जाऊ कशी मी?" पार्लरमध्येसुद्धा ती रडली नव्हती. आता रडली. दादासोला त्या कढईत तोंड लपवावंसं वाटलं.

त्यानं त्या बाईला सगळ्या इंदापुरात शोधलं. ती कधीच पुढच्या गावाला गेली होती. शेवटी बाजारात एका कासाराकडं त्याला तयार गंगावन मिळालं. काळंभोर, लांबसडक. "असली केस हाईत," कासार म्हणाला. सारजानं ते जोडून आरशात पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा ती स्वतःहून दादासोशी गोड बोलली. दोघं सुप्याला निघाली.

आबाजी ओसरीवर घोंगडीवर बसले होते. लेकीला बघून त्यांचे डोळे भरले. "बस हितं," ते म्हणाले.

त्यांनी गाठ सैल केली आणि अख्खी वेणी त्यांच्या हातात आली.

दादासो आढ्याकडं बघत राहिला. आबाजींनी वेणी बोटांत चोळली, नाकाशी धरली.

"सारजे, ही लोकर हाय. काळ्या मेंढीची."

मग सारजानं सगळं सांगितलं. पार्लर, दही, मेथी, कढई. सांगताना रडत होती आणि मधेच हसतही होती.

"येडी का खुळी तू," आबाजी म्हणाले. "मी काय केस बघाया बोलवत हुतो व्हय? वरीस घालवलंस की गं." त्यांनी त्या तोकड्या केसांचे दोन भाग केले आणि दोन वीतभर वेण्या घालून दिल्या. तिशी ओलांडलेली सारजा शाळेतल्या पोरीसारखी दिसत होती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. बापाच्या पुढ्यातून ती उठेचना.

दादासोला धीर आला. "मामा, म्या जास्वंदीचं तेल आणलंय. रोज रात्री—"

"जावईबापू," आबाजी शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी आता हात लावू नगा. केस कमरंला लागलं की या लेकीला न्यायला."

ही थट्टा आहे असं समजून दादासो हसला. मग त्यानं सारजाकडं पाहिलं.

"तुमी व्हा फुडं," सारजा म्हणाली. "जाताना ती वेणी घिऊन जावा."

तिन्हीसांजेला दादासो इंदापुरात उतरला. कुशाबाई दारात उभी होती. तिनं त्याच्या पाठीमागं पाहिलं, मग रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं, आणि शेवटी त्याच्या पिशवीतून लोंबणाऱ्या वेणीवर तिची नजर थांबली.

"केस आणलंस व्हय माघारी," ती म्हणाली. "आन् बाई कुठं ठिवलीस?"