हयात, पण निष्क्रिय

मी हयातीचे दाखले तपासतो. निवृत्त माणसं दरवर्षी आमच्या कचेरीत येऊन आपण जिवंत असल्याचं लेखी सिद्ध करतात आणि मी ते मान्य किंवा अमान्य करतो. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे, असं केवळ त्याच्या तोंडाकडे बघून मी एकोणीस वर्षांत कधी धरून चाललो नाही. आणि अशा माझ्या फोनवर एका सोमवारी सकाळी सूचना झळकली, की गेले चोवीस महिने आपण निष्क्रिय असल्याने आपलं क्लाउड खातं गोठवण्यात आलं आहे. नऊ दिवसांनी ते आतल्या ऐवजासह कायमचं पुसण्यात येईल.

"जाऊ दे ना," बायको म्हणाली. "असं काय आहे त्यात?"

"बाबांचा व्हिडिओ."

त्यात बाबा स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करताहेत, पंख्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत आणि मध्येच आपल्याच शिव्या ऐकून पोट धरून हसताहेत. तीन मिनिटं. एरवी कॅमेरा दिसला की बाबांचा चेहरा पासपोर्टचा व्हायचा. आता बाबा नाहीत आणि त्या हसण्याची दुसरी प्रतही नाही. ही वस्तू मी इतकी जपून ठेवली होती, की दोन वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

पासवर्ड मला पाठ होता. टाकला. 'पासवर्ड बरोबर आहे,' उत्तर आलं, 'त्यामुळे संशय बळावला आहे. खरा निष्क्रिय ग्राहक पासवर्ड विसरतो.' खोटं कशाला बोलू, मला कौतुकच वाटलं. हे कलम मला कधी सुचलं नव्हतं. त्याआधी तीन नोटिसाही पाठवल्या होत्या म्हणे. त्या गोठवलेल्या खात्यात सुरक्षित होत्या.

मदत केंद्रातली मुलगी फार गोड बोलत होती. "सर, तुम्ही तुम्हीच आहात याला एक साक्षीदार लागेल. रक्ताच्या नात्यातला, वेगळ्या घरात राहणारा आणि वर्षभरात तुमच्या संपर्कात असलेला."

"चिक्कार आहेत. रोज सकाळी चाळीस जणांना सुप्रभात पाठवतो."

"फॉरवर्ड धरत नाहीत, सर."

"वाढदिवसाला केक आणि फुगे पाठवतो. चित्रातले."

"तेही नाही, सर."

रक्ताचं नातं आणि वेगळं घर म्हणजे ताई. बसने तेरावा थांबा. आमचे संबंध उत्तम आहेत, याबद्दल मला तरी कधी शंका नव्हती. फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"अगं ताई, मी."

"मी म्हणजे कोण? नंबर सेव्ह नाहीये. नवा फोन घेतला तेव्हा ज्यांचे फोन येतात तेवढेच नंबर ठेवले."

मी काम सांगितलं. बाबांच्या व्हिडिओचं नाव काढल्यावर तिचा आवाज जरा मऊ झाला. "देईन साक्ष," ती म्हणाली. "पण तू तूच कशावरून? तीन प्रश्न विचारते. तुझा भाचा काय करतो?"

"कॉलेजला आहे."

"नोकरीला लागून आठ महिने झाले. माझ्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं?"

मला ऑपरेशनच नवीन होतं. पण उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी होती. "डाव्या."

"उजव्या. मी राहते कुठे?"

"औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला."

"ती जागा सोडून वर्ष झालं. तीनही प्रयत्न संपले. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न कर." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, भाच्याकडून पत्ता मिळवला आणि ओळखपत्राच्या तीन साक्षांकित प्रती घेऊन जातीने हजर झालो. ताईने काठी टेकत दार उघडलं. माझ्याकडे नीट बघितलं. "वाळलास की रे," म्हणाली आणि आत घेतलं. प्रती तिने हातातसुद्धा घेतल्या नाहीत. पडताळणीतली ही ढिलाई मला एरवी मुळीच चालत नाही. त्या दिवशी मात्र मला नियमच आठवेना.

तिने फोनवर अर्ज भरला. 'शेवटच्या संपर्काची तारीख' या रकान्यात आजची तारीख टाकली. कंपनीची काही हरकत नव्हती. खातं उघडलं आणि बाबा पंख्याला शिव्या देऊ लागले. आम्ही सलग चार वेळा बघितलं. चौथ्यांदा ताई हसता हसता रडायला लागली, मग मीही लागलो.

शेवटी फोनने विचारलं, 'खातं पुन्हा निष्क्रिय होऊ नये म्हणून दर सहा महिन्यांनी आठवण करून देऊ?' मी ताबडतोब होकार दिला.

"आणि माझी?" ताईने विचारलं.

"तुझी कशाला? तू काय परकी आहेस?"

तुम्हाला हसू येत असेल, तर तो अर्ज जरा स्वतःसाठी भरून बघा. साक्षीदाराचं नाव लगेच सुचेल. तारखेपाशी मात्र थांबाल.